बॉल रिमला लागला होता

या, जरा जवळ या. खुर्ची ओढून घ्या, नाहीतर माझ्यासारखे खालीच बसा, सतरंजी आहे. पंखा मी मुद्दाम बंद केलाय, त्याच्या आवाजाकडे माझं लक्ष जातं. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. फार मोठी नाही, सगळी मिळून बारा सेकंदांची. पण आमचे आबा, म्हणजे माझे वडील, म्हणत, एका श्वासाचं आख्यान दोन तास रंगवता आलं नाही तर तो कीर्तनकार कसला! मी कीर्तनकार नव्हे. मी त्यांच्या मागे बसून तबला वाजवणारा. पण देवाच्या दारात जन्मभर मागे बसलेल्यालाही कधीतरी पुढे यावं लागतं, आणि माझी वेळ आली आहे, कारण आणखी उशीर केला तर काय सांगायचं होतं हेच हाती राहणार नाही अशी मला भीती वाटते. भीती वाटते हे पूर्वरंगातच सांगून टाकतो. मग उत्तररंगात लपवायला काही उरत नाही.

मी श्रीपाद. राहायला डोंबिवली पूर्वेला. एकतीस वर्षं कोलशेतच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगांचे नमुने तपासले आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यांना टेबलावर बसलो. खेळायची उंची देवाने दिली नाही म्हणून खेळाशेजारी बसायची जागा दिली, असं मी मानत आलो. टेबल म्हणजे मैदानाच्या कडेला तीन खुर्च्या. एक गुण लिहिणारा, एक सामन्याचं घड्याळ सांभाळणारा आणि तिसरा मी, बारा सेकंदवाला. गेल्या फेब्रुवारीत माजिवड्याच्या पुलाअलीकडच्या मोकळ्या जागेत पुरुषांची आंतरराष्ट्रीय थ्री-ऑन-थ्री स्पर्धा भरली, तेव्हा ती तिसरी खुर्ची मला मिळाली. तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर एवढं ध्यानात घ्या. तिघांविरुद्ध तिघे, एकेक राखीव, अर्धंच मैदान आणि एकच बास्केट. दहा मिनिटं, नाहीतर जो आधी एकवीस करेल तो जिंकला. जवळून टाकला तर एक गुण, कमानीच्या रेषेबाहेरून टाकला तर दोन. हातात बॉल आला की बारा सेकंदांत बास्केटकडे फेकायचा, नाही फेकला तर भोंगा. मात्र फेकलेला बॉल रिंगेच्या लोखंडाला, म्हणजे रिमला, लागून परत त्यांच्याच हातात आला, तर बारा सेकंद पुन्हा पहिल्यापासून. ते पहिल्यापासून करणं म्हणजे माझं बोट आणि एक हिरवं बटण. त्यापलीकडे मला काम नाही. आणि हेही ऐकून ठेवा, या खेळात कोचला मैदानापाशी येऊ देत नाहीत. चार पोरं, त्यांचं त्यांनीच बघायचं. त्यांच्या बाजूने बोलायला कुणी मोठं माणूस जवळ नसतं.

बारा सेकंद म्हणजे एकताल. सेकंदाला एक मात्रा धरायची. धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना, की आली सम. त्यामुळे मला घड्याळाकडे मान वर करावी लागत नसे. डोळे रिमवर, बोट बटणावर, आणि आत कुठेतरी आबांच्या कीर्तनातला ठेका चालू. माझ्या शेजारी गुण लिहायला बसते ती ऋजुता, आमच्याच डोंबिवलीची, पश्चिमेची. टेबलाचं काम मीच तिला शिकवलं. ती बँकेत असते आणि अशा दिवशी मला स्कूटरवर मागे घेऊन माणकोलीच्या पुलावरून ठाण्याला आणते. तिला मी हे तालाचं गुपित सांगितलं तेव्हा म्हणाली, “काका, मग मलाही तबला शिकवा ना. मान वर करून करून माझा पार जिराफ झालाय.” मी हसलो होतो. मला माझ्या आतल्या तालाचा अभिमान होता. त्या शनिवारच्या महिनाभर आधी देवळात भजनाला बसलो असताना गाणाऱ्याने समेवर माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी तिथे नव्हतो, ही गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. हेमालाही नाही. हेमा म्हणजे माझी पत्नी. पण ती समोरच बसली होती, आणि तिने पाहिलं ते पाहिलंच. घरी येताना एवढंच म्हणाली, “आज हात जड होता का हो?” मी म्हटलं, थंडी आहे.

शनिवारी दुपारचे बारा वाजून गेले होते. गटातला शेवटचा सामना, मंगोलियाची चार पोरं आणि आपला ठाण्याचा संघ. जो जिंकेल तो संध्याकाळी उपउपांत्य फेरीत, जो हरेल तो घरी. ऊन असं की खाली अंथरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या लाद्यांतून रबर जळल्यासारखा वास येत होता. या खेळात सामना चालू असतानाही गाणी वाजतात. डीजेचे दोन कर्णे, त्यात निवेदक ओरडतोय, “ठाणेकर, आवाज कुठे गेला?” आणि पलीकडून पुलावरच्या ट्रकांची घरघर. मंगोलियाच्या पोरांत एक आठ नंबरचा होता. फार उंच नव्हता, मान बैलासारखी, गाल उन्हाने लाल झालेले. दर वेळी खेळ सुरू करायला त्याच्या हातात बॉल दिला की तो पहिल्यांदा बॉल कपाळाला लावायचा. अगदी क्षणभर, कुणाच्या लक्षातही येऊ नये इतका. आम्ही तबल्याला हात लावून तो हात कपाळाला लावतो तसा. मला त्या पोराचा लळा लागला. गुणपत्रकावरचं त्याचं नाव मी ऋजुताच्या खांद्यावरून वाचून घेतलं. तेमूलेन. नाव वाचताच ते बोटांत आलं, चार मात्रांत नीट बसलं. टेबलावरच्या माणसाने कुणाच्या बाजूचं असू नये, पण देवाने डोळे दिलेत तर ते कुठे तरी स्थिरावणारच.

एकोणीस-एकोणीस झाले. बॉल मंगोलियाकडे. तेमूलेनने कपाळाला लावला, पुढे दिला, मी घड्याळ सुरू केलं. धिं. डीजेने तेवढ्यात कुठलंसं ढोलकीचं गाणं लावलं. धिं. धागे. आणि मी विठ्ठलवाडीच्या देवळात होतो. आठवलं असं म्हणत नाही मी. आठवताना माणूस इथेही असतो आणि तिथेही. मी इथे नव्हतोच. देवळात सभामंडपाची फरशी गार होती. समया होत्या, बुक्क्याचा वास होता. आबा पांढऱ्या अंगरख्यात माझ्याकडे पाठ करून उभे होते, त्यांच्या उजव्या टाचेची भेग मला दिसत होती. हत्ती आणि मगरीचं आख्यान चालू होतं. हत्ती तळ्यात उतरला आहे, त्याने सोंडेने कमळ खुडलं आहे, आणि पाण्याखाली काहीतरी आहे. आबांनी हात वर केला आणि तो वरच राहिला. मी वाट बघत होतो. शंभर माणसं वाट बघत होती. त्या हाताखाली मी किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक, तेवढ्यात माझ्या मनगटावर कुणीतरी चापट मारली.

“काका! रिसेट! काका!”

घड्याळावर एकच सेकंद उरला होता. मी हिरव्या बटणाकडे पाहिलं आणि ते कशाचं बटण आहे हे मला कळेना. खरं सांगतो, देवाशप्पथ. एक गोल, हिरवी, ओल्या पानासारखी वस्तू. मग भोंगा वाजला. कमानीबाहेर तेमूलेनच्या हातात बॉल होता. भोंग्याच्या आवाजाबरोबरच त्याने तो सोडला आणि बॉल जाळीतून असा गेला की जाळी हललीसुद्धा नाही. दोन गुण. एकवीस. तो सामना त्यांचा होता. पण रेफरीने दोन्ही हात हलवून रद्द केला, वेळ संपली होती. चारही पोरं घड्याळाकडे बोट दाखवत धावली. रेफरी परदेशी, त्याला खांद्यांच्या गर्दीतून नीट दिसलं नव्हतं. तो टेबलाकडे आला, माझ्यावर वाकला. त्याच्या घामाचा थेंब टेबलावर पडला. त्याने विचारलं, “रिम?” म्हणजे आधीचा बॉल रिमला लागला होता का? घड्याळ पहिल्यापासून करायला हवं होतं का?

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ हे म्हणायला मला किती वेळ लागला असता? एक मात्रा. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग तू कुठे होतास, आणि त्या प्रश्नाच्या नुसत्या सावलीने माझं तोंड आपोआप उघडलं. “नो,” मी म्हणालो. “नो रिम.” आवाज स्वच्छ होता, एकतीस वर्षांच्या अनुभवाचा. रेफरी वळला. पुढच्याच डावात आपल्या एका पोराने बाहेरून दोन गुण टाकले आणि माजिवड्यात जो गलका झाला तो पुलावरच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून उचलून धरला. तेमूलेन पत्रकावर सही करायला टेबलाशी आला. कोच लांब कठड्यापलीकडे हात पसरून ओरडत होता, त्याचं कुणी ऐकायचं नसतं. पोराने सही केली, पेन ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपण काही चुकीचं पाहिलं का, हे मोठ्या माणसाला विचारावं तसं.

जेवणाच्या सुट्टीत ऋजुता आणि मी मांडवामागच्या सावलीत बसलो. तिने डबा उघडला, बंद केला. म्हणाली, “काका, लागला होता रिमला. मी बघितलं. बॉलची लाइनच बदलली, मग आठ नंबरने पकडला. म्हणून तर मी तुम्हाला मारलं.” मी म्हटलं, ऊन डोळ्यावर येत होतं गं. तिच्या टोपीच्या कडेवर घामाचं मीठ उमटलं होतं, ते मी बघत बसलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, “काका, रागवू नका. सकाळच्या पहिल्या मॅचमध्ये पण एकदा झालेलं. दोनच सेकंद. मी कोपर मारलेलं, तुम्हाला कळलं पण नाही.” आणि मग, माझा चेहरा पाहून असेल, ती एकदम प्रेमाने म्हणाली, “टेन्शन नका घेऊ. मी कुणाला नाही सांगणार. संध्याकाळी मी तुम्हाला चिकटूनच बसते ना. तुम्ही गेलात की मी पायाने खुणावते. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

एवढ्या मायेचं बोलणं ऐकून माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. मी मात्र दचकून मागे सरकलो. कारण ‘तुम्ही गेलात की मी खुणावते’ हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं. पंधरा वर्षांपूर्वी ते मी आबांना बोललो नव्हतो, वाजवलं होतं. आबा पहिल्यांदा थांबले ते त्याच आख्यानात, हत्तीच्या सोंडेत कमळ असताना. हात वर, डोळे उघडे, आणि आत कुणी नाही. मी घाबरून तबल्यावर तिहाई घेतली, जोरात, आणि मोठ्याने नामगजर सुरू केला. विठ्ठल विठ्ठल. लोकांनी टाळ्या धरल्या. गजर चालू असताना आबा परत आले, इकडेतिकडे पाहून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “तर श्रोते हो, एक तळं होतं.” पुन्हा पहिल्यापासून. मी परत गजर लावला, त्यांना तळ्यातून काढून पुढे नेलं. कीर्तन संपल्यावर बुक्का लावताना लोक म्हणाले, आज गजराने काय रंग आणला, बापलेकांनी आधी ठरवलं होतं वाटतं! आबा हसले. मला बरं वाटलं. मग मी ते दोन वर्षं केलं. आबा गेले की मी तबला घालायचो. गेले, घातला. गेले, घातला. मी इतका सफाईदार झालो की कोणत्या वाक्यावर ते जाणार हे मला त्यांच्या टाचेवरून कळायचं. वजन एका पायावर आलं की समजायचं, आता. हेमा एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली होती, “अहो, त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. तुम्ही वाजवताय म्हणून ते बरे आहेत असं नाही.” मी तिला म्हटलं, देवाचं काम आहे, देव चालवून घेईल. देवाच्या नावावर मी केवढं खपवलं! त्या दोन वर्षांत आबा आत किती घाबरले असतील, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. मी त्यांना घाबरायला जागाच ठेवली नाही. त्यांनी तोंड उघडलं की माझा गजर.

आणि एका दुपारी कीर्तनाला म्हणून आबा उपरणं घेऊन निघाले ते देवळात पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोलशेतला खाडीच्या कडेला एका घराच्या ओटीवर सापडले. तबल्याला माणूस नाही म्हणून श्रीपादला कंपनीतून बोलवायला निघाले होते. मी मात्र त्या दिवशी रजा घेऊन घरी होतो, आतल्या खोलीत, तबला लावत. ज्या घरी ते सापडले तिथल्या हौसाबाई, मासळी विकून नुकत्याच आलेल्या, पायांना अजून चिखल. मी हात जोडले तर म्हणाल्या, “अरं, हात कसले जोडतंस? तुजा बापूस लय ग्वाड सांगतं रं. तल्यान हत्ती गेला, कमल तोरलं, न् थांबतं. मी म्हनायची, मंग पुरं काय जालं, बाबा? तं त्यो म्हनं, ठाव नाय गो. मंग आमी दोगं गप बसायचो. मंग त्यो परत पयल्यापासून. कंटाला नाय केला त्यानं, न् मी पन नाय.” ‘ठाऊक नाही’. दोन वर्षांत आबा हे वाक्य माझ्यासमोर एकदाही बोलले नव्हते. एका अनोळखी बाईसमोर बोलले, कारण तिने विचारलं आणि विचारून ती गप्प बसली. त्यानंतर आबा चार महिने होते. तेवढ्या काळात मीही विचारायला शिकलो. पण चार महिने म्हणजे काय, त्या दोन वर्षांपुढे.

या, जरा जवळ या. खुर्ची ओढून घ्या, नाहीतर खालीच बसा, सतरंजी आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. फार मोठी नाही, सगळी मिळून बारा सेकंदांची.

हे सांगून झालं का? तुमच्या चेहऱ्यावरून झालंसं दिसतंय. हेमा दारात येऊन उभी राहिली म्हणजे नक्कीच झालं असणार. राहू दे. मला सावरू नका, मान हलवून पुढे ढकलू नका. फक्त विचारा, मग पुढे काय झालं?

पुढे असं झालं. मी ऋजुताला म्हटलं, तू जेव, मी पाणी पिऊन येतो. मांडवाच्या बाहेर पाण्याचे मोठे ड्रम ठेवले होते, शेजारी लोखंडी कठडा. तिथे ती चार पोरं बॅगा भरून बसली होती. गाडीची वाट बघत असतील. त्यांच्या देशात त्या दिवसांत बर्फ असतं म्हणे. आपल्या फेब्रुवारीच्या उन्हात ती अशी बसली होती, जणू कुणीतरी त्यांना इथे ठेवून विसरून गेलंय. तेमूलेनने मला ओळखलं. तो उठला. माझे पाय तिथेच थांबले, आणि मला वाटलं, आता तो मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. त्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्याची. त्याने एक बोट वर करून दाखवलं, थांबा. मग त्या बोटाच्या नखाने कठड्याच्या लोखंडी दांड्यावर टिचकी मारली. टण्. आणि भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. टण्, पुन्हा एकदा, कान माझ्याकडे करून. डीजेच्या कर्ण्यांत, गलक्यात, पुलाच्या घरघरीत त्याने तो आवाज ऐकला होता. तेवढंच त्याला विचारायचं होतं. वाजलं होतं ना?

पाण्याखाली काहीतरी आहे हे हत्तीला कळतं तो क्षण आबा फार सुंदर सांगत. म्हणत, मगर दिसत नाही, पाय जड होतो फक्त. माझा पाय जड झाला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी खांदे उडवून पुढे जाऊ शकलो असतो. भाषा येत नाही हे केवढं मोठं आवरण होतं! मी मान हलवली. हो. वाजलं होतं. मग मी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि नाही नाही केलं, म्हणजे मी पाहिलं नाही. मला पुढेही सांगायचं होतं की मी खोटारडा नाही, मी घाबरट आहे, मी दुसरीकडे होतो, पण त्याला खूण नसते. तुम्हाला वाटेल, तेमूलेनने माझा हात हातात घेतला असेल. मलाही वाटलं होतं. आबांच्या आख्यानात इथे देव धावून येतो. त्याने वळून आपल्या तीन साथीदारांना काहीतरी सांगितलं, एक जण ताडकन उठला आणि पाण्याची बाटली त्याने कठड्यावर आपटली. तेमूलेनने त्याला अडवलं. मग खाली पडलेला बॉल उचलला, दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि कपाळाला न लावता पिशवीत टाकून दिला. चेन ओढली. माझ्याकडे परत पाहिलं नाही.

मी तसाच सुदेशकडे गेलो. सुदेश म्हणजे आमच्या टेबलांचा प्रमुख, चाळिशीचा, दोन फोन एकाच वेळी कानाला. मी सांगितलं. तो आधी हसला, मग फोन ठेवले. “काका, आता? आत्ता सांगताय? साइन झालीय त्यांची. प्रोटेस्ट तेव्हाच्या तेव्हा करायचा असतो. संध्याकाळच्या मॅचचे बोर्ड लागलेत बाहेर, ठाण्याच्या टीमचे फोटो लागलेत! आणि तुम्ही म्हणताय रिमला लागलेला?”

“लागला होता.”

“बघितलंत तुम्ही?”

“नाही. मी तिथे नव्हतो.”

“काय बोलताय? खुर्चीत तर होतात!”

“खुर्चीत होतो,” मी म्हटलं. “निकालासाठी नाही सांगत, सुदेश. निकाल तुम्ही बघा. संध्याकाळी त्या खुर्चीवर मला बसवू नकोस. ऋजुता मला खुणावणार आहे. तिला ते करू देऊ नकोस.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे वडील आबांच्या कीर्तनाला यायचे, विठ्ठलवाडीला राहायचे ते तेव्हा. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा कठीण गेलं. तो म्हणाला, “काका, पाणी देऊ?” आणि माझं कोपर धरलं, म्हाताऱ्या माणसाचं धरतात तसं. मी कागद मागून घेतला आणि माझ्या अक्षरात लिहिलं. बॉल रिमला लागला होता असं माझी सहकारी सांगते. मी पाहिला नाही. लागला नाही असं मी खोटं सांगितलं. सही. तो कागद वर गेला, बाहेरून आलेल्या बड्या साहेबांनी वाचला आणि उत्तर आलं की सही झालेला निकाल बदलत नाही. पत्रकावर आजही एकवीस-एकोणीस आहे, पुढेही राहील. संध्याकाळी माझ्या खुर्चीत दुसरा कुणी बसला. ऋजुता मला सोडायला आली, पुलावर स्कूटरचा वेग कमी केला आणि मागे न बघता म्हणाली, “मला पण बोलायला पाहिजे होतं ना काका? रेफरीसमोर?” मी म्हटलं, “हो गं. पाहिजे होतं.” खाली खाडीवर ऊन उतरत होतं. ती रडत असावी, कारण हेल्मेटच्या आतून तिने दोनदा नाक ओढलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताला खांदा लागत होता एवढ्यानेच मला त्या क्षणी किती बरं वाटलं.

आता हेमा मला तपासण्यांना नेते. डॉक्टरीणबाई गोड आहेत. पाच शब्द सांगतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग ते पाच परत विचारतात. गेल्या वेळी मी चार सांगितले. पाचवा हेमाने रिक्षात सांगितला. “लिंबू होतं, अहो. सकाळीच तर पिळलंत पोह्यांवर.” आम्ही दोघं हसलो, रिक्षावालाही हसला. नंतर तिने माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मी घाबरलो की आता सांगतो, मी घाबरलोय. ती विचारते, मग? मी म्हणतो, ठाऊक नाही. मग आम्ही गप्प बसतो. तेवढा वेळ मगर पाय ओढत नाही.

रोज सकाळी देवापुढे तबल्यावर हात ठेवतो आणि ते नाव वाजवतो. ते, मू, ले, न. चार मात्रा, तीन वेळा, म्हणजे बारा. माळेचे मणी ओढावेत तसं. परवा वाजवताना मधली एक मात्रा रिकामी गेली. हात उचलला होता, अक्षर नव्हतं. ऋजुताला फोन करून विचारावं लागलं. म्हणून तुम्हाला बोलावलं. त्या दिवशी खरं काय झालं ते पत्रकात लिहिलेलं नाही, माझ्यात ते फार दिवस राहणार नाही, आणि देवाला सगळं ठाऊक असतं हे खरं, पण त्याच्यावर टाकून मी एकदा मोकळा झालो होतो, पुन्हा नको. मला नाही आठवलंत तरी चालेल. आठ नंबर. गाल लाल, मान बैलासारखी, खेळायच्या आधी बॉल कपाळाला लावायचा. तेमूलेन त्याचं नाव. बॉल रिमला लागला होता, त्याने ऐकलं ते खरं होतं. त्याला लक्षात ठेवा.